अझोला विकायचा की मासा शिकायचा?

पत्र : ताई, आमचं गाव साकोली तालुक्यात. यंदा बायोलॉजी घेऊन बारावी झाले. बाबा मच्छीमार सोसायटीत आहेत. पेंड परवडत नाही म्हणून ओरड असते. मला अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीपासून मासळीचं खाद्य करायचंय. एक जण पन्नास हजारांत बियाणं, टाक्या आणि माल परत घ्यायची हमी देतोय. मामा म्हणतात, आधी डिग्री कर. काय करू?

उत्तर : पन्नास हजार आधी घरातच राहू देत. अझोल्याचं बियाणं म्हणजे शेजारच्या टाकीतून आणलेली मूठभर शेवाळासारखी वनस्पती. चांगल्या हवेत ती चार-पाच दिवसांत दुप्पट होते. तिला भाव कसला?

आता हिशेब कर. सुकवलेल्या अझोल्यात पाव हिस्सा प्रथिनं असतात, हे खरं. पण ओला अझोला म्हणजे बहुतेक पाणीच. शंभर किलो काढलास तर वाळून सहा-सात किलो उरेल, त्यात प्रथिनं दीड किलोच्या आसपास. तेवढी साडेतीन किलो सोयापेंडीत मिळतात! म्हणून अझोला टेम्पोत भरून विकणाऱ्याचा डिझेलमध्येच तोटा. तो फायद्याचा तिथंच, जिथं टाकी तळ्याच्या काठावर आहे. बांगलादेशात मिर्झापूरला 1990च्या सुमारास कुमुदिनी रुग्णालयाच्या सांडपाण्यावर डकवीड ही अशीच तरंगती वनस्पती वाढवून शेजारच्याच तळ्यातल्या माशांना घालायचे. (शहरी नाल्याचं पाणी मात्र नको. या वनस्पती जड धातूही ओढून घेतात.)

शिवाय खाणार कोण? गवत्या मासा (ग्रास कार्प) ताजा अझोला चवीनं खातो. कटला प्लवंगावर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर जगणारा, त्याला वरून टाकून फारसा उपयोग नाही. रोहूला द्यायचा तर वाळवून, दळून, कोंडा-पेंडीत मिसळून. किती मिसळावा, की वाढ खुंटणार नाही? या प्रश्नाचं नाव मत्स्यपोषण, आणि तुझं करिअर मला त्यात दिसतं. मत्स्यपालनाचा निम्म्याहून जास्त खर्च खाद्यावर जातो, त्यामुळे हे जाणणाऱ्या माणसाला खाद्य कारखाना, मत्स्यबीज केंद्र, सोसायटी, सगळीकडे काम आहे.

तेव्हा या वेळी मामांचं ऐक. बी.एफ.एससी. ही मत्स्यविज्ञानाची पदवी चार वर्षांची. नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीजवळ शिरगावला सरकारी महाविद्यालयं आहेत. तुला नागपूर जवळ. प्रवेशाचे नियम बदलत असतात, यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाच. पुढे मत्स्यपोषणात एम.एफ.एससी. करायचं तर मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे.

आणि एक. तुमच्या भागात ढिवर समाजातल्या बायकांनी मालगुजारी तलावांतली (जुन्या मालगुजारांच्या काळातल्या तळ्यांतली) बेशरम नावाची माजलेली झुडपं उपटून देशी पाणवनस्पती लावल्यात, देशी मासे परत यावेत म्हणून. त्यांच्यासोबत दोन दिवस पाण्यात उतर. कुठली वनस्पती कुठला मासा खातो, हे त्यांना तोंडपाठ असेल.

प्रवेश होईपर्यंत अंगणात सावलीला प्लास्टिकचा कागद अंथरून दोन मीटर बाय एक मीटरचं डबकं कर. वीतभरापेक्षा कमी पाणी, थोडं शेण, चिमूटभर सुपर फॉस्फेट. रोजचा अझोला ओला तोल, वाळवून पुन्हा तोल, वहीत लिही. आणि हमी देणारा परत आला, तर ती वही त्याच्यापुढे ठेवून विचार, किलोला काय भाव देणार, ओल्याला की वाळलेल्याला?