किराण्याचं महिन्याचं बजेट पाळायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात चौघं, नुकतीच बदली होऊन सोलापुरात आलात, किराण्याला महिन्याचे आठ हजार ठरवता. एखाद्या महिन्यात जमतं, पुढच्या महिन्यात हजार-दोन हजारांनी वर जातं. वही केली, ॲप झालं, फरक पडला नाही.

मला विचाराल तर गडबड 'महिना' या मापातच आहे. पगार महिन्याला होतो म्हणून आपण किराणाही महिन्यावर बसवतो. पण ज्वारी, तूर, मिरची वर्षाच्या हिशेबाने चालतात, तेल-साखर-चहा महिन्याच्या, आणि कांदा-लसूण-भाजी आठवड्याच्या. तिन्ही एकाच आकड्यात कोंबलं की मार्चमध्ये बजेट फुटणार, श्रावणात फुटणार आणि दिवाळीला तर विचारूच नका. आपल्या शहराच्या पूर्व भागात, जिथे यंत्रमाग आणि विडीवर घरं चालतात, तिथे बऱ्याच घरांत पैसा आठवड्याला हातात येतो आणि बाजारही आठवड्याचाच होतो. त्यांना महिन्याचं बजेट सांगून उपयोग नाही. तुमचा पगार महिन्याचा आहे, तुम्ही तीन खाती वेगळी करा.

आधी वर्षाचं खातं, कारण खरी बचत तिथेच आहे.

सोलापुरात आलात म्हणजे भाकरी खाणार हे मी धरून चालते. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते आणि पुढचे दोन-तीन महिने बाजारात भरपूर असते. हैदराबाद रोडच्या सिद्धेश्वर मार्केट यार्डात भुसार दुकानं आहेत, तिथे जा किंवा ऑफिसात कुणाचं गाव मंगळवेढा, मोहोळ, बार्शीकडे असेल तर त्यांच्याकडून थेट घ्या. दोन वेळा भाकरी नसेल, पोळी-भातही असेल, तर चौघांना वर्षाला दीड क्विंटल पुरते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून प्रत्येक पोत्यावर 'मंगळवेढा' लिहायची चढाओढ आहे. नावाचे जास्तीचे पैसे देऊ नका. मूठभर ज्वारी हातात घ्या: मालदांडी या इथल्या रब्बी ज्वारीच्या वाणाचा दाणा टपोरा, मोत्यासारखा चकचकीत असतो. काळपट डाग दिसले तर ती पावसात भिजलेली समजा. दोन किलो आणून भाकरी करून बघा आणि मगच पोतं उचला. दुकानदार नाराज होत नाही, इथे सगळेच असं करतात.

साठवायचं तर कडक ऊन द्या आणि धान्य पूर्ण निवल्यावरच पिंपात भरा. गरम भरलं की आत घाम सुटतो आणि पावसाळ्यात किडे होतात. वाळलेला कडुनिंबाचा पाला थराथरात घाला. पीठ मात्र साठवू नका, आठ दिवसांपुरतंच दळून आणा. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना चिरते, मग कंटाळून आपण पावाची लादी आणतो, आणि तो खर्च कुठल्याच वहीत नसतो. फ्लॅटमध्ये जागा नसेल तर सहा महिन्यांची घ्या, तरी चालतं.

तुरीचंही तसंच. नवी तूर जानेवारीच्या आसपास येते, शेजारी कलबुर्गीचा पट्टा असल्याने इथे डाळीला तोटा नाही. पंचवीस किलो डाळ घेऊन, ऊन दाखवून, एरंडेलाचा हात फिरवून ठेवली की वर्ष निघतं. मिरची मार्चमध्ये. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी किंवा संकेश्वरी, घरच्या चवीप्रमाणे एकत्र करून कांडून आणा. वर्षभर शंभर-शंभर ग्रॅमच्या पुड्या घेणं हा किराण्यातला सगळ्यात महाग शौक आहे.

कांद्याबद्दल एक सावधगिरी. डिसेंबर-जानेवारीत इथल्या यार्डात लाल कांद्याचे ढीग लागतात, भाव पडतो आणि नवखा माणूस हौसेनं गोणी उचलून आणतो. तो कांदा टिकत नाही. महिन्याभरात कोंब फुटतात, नाहीतर सडतो. साठवायचा तो एप्रिल-मेचा उन्हाळी कांदा, तोही हवेशीर जागी पसरून.

आता हिशेब. भाव तुम्ही त्या दिवशीचे घाला, मी समजण्यापुरते गोल धरते. ज्वारी पन्नासने दीड क्विंटल म्हणजे ७,५००. गहू पस्तीसने एक क्विंटल, ३,५००. तूरडाळ १२०ने पंचवीस किलो, ३,०००. मिरची-मसाला २,०००. श्रावणातला साबुदाणा-भगर, दिवाळीचा फराळ आणि संक्रांतीचे तीळगूळ मिळून ३,२००. एकूण १९,२०० झाले, म्हणजे महिन्याला १,६००. हे सोळाशे पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात किंवा डब्यात जायला हवेत. मग महिन्याला तुमच्याकडे ६,४०० राहतात आणि त्या यादीत ज्वारी, गहू, तूर, तिखट नसतंच. हा आकडा पाळता येतो.

महिन्याच्या यादीत रुपये ठरवू नका, वजन ठरवा. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून एकदम २७.५ टक्क्यांवर गेलं, तेही दिवाळीच्या तोंडावर. पुढे मे २०२५ मध्ये ते १६.५ वर आलं. यात तुमच्या वहीचा काय दोष? पण 'महिन्याला तीन लिटर' असं ठरलेलं असेल तर भाव वाढल्यावर किती रुपये जास्त जाणार ते आधीच कळतं, आणि भजी किती वेळा करायची हेही घरात बोलता येतं. (घाण्याचं करडईचं तेल इथे छान मिळतं, पण ते महाग. फोडणीपुरतं आणा.)

किती लागतं हे माहीत नसेल तर नवी पिशवी फोडली त्या दिवसाची तारीख डब्याच्या झाकणावर चिकटवा. डबा संपला की दुसरी तारीख. दोन महिन्यांत साखर, चहापत्ती, शेंगदाणे, साबण सगळ्यांचं खरं माप हातात येतं. शेंगदाण्यांच्या डब्याकडे विशेष बघा. सोलापुरात राहायला लागलं की भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, वर शेंगाचटणी, आणि किलो कुठे गेला कळत नाही. आमच्याकडे सासूबाई चटणी कुटायला बसल्या की मी दाणे मोजूनच देते, त्यांना ते आवडत नाही, पण आता सवय झाली आहे.

पाकिटावरचं वजन वाचा. तेलाची एक लिटरची पिशवी साधारण ९१० ग्रॅम भरते. तशाच दिसणाऱ्या काही पिशव्यांत त्याहून कमी तेल असतं. ग्रॅमचा किंवा किलोचा दर आता पाकिटावर छापलेला असतो, तोच ताडून बघा, 'मोफत' आणि 'सूट' नंतर.

दुकान कुठलं? गल्लीतल्या वाण्याला व्हॉट्सॲपवर यादी पाठवा, माल घरी येतो आणि यादीबाहेरचं काही नजरेला पडत नाही. मात्र उधारीचं खातं उघडू नका, रोख द्या. साबण, टूथपेस्ट, शाम्पू मॉलमध्ये स्वस्त पडतात, ते दोन-तीन महिन्यांतून एकदा. २२ सप्टेंबर २०२५ पासून या तिन्हींवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा तुमच्या जुन्या यादीतले भावही नवे करून घ्या.

पहिल्या वर्षी अडचण एकच येईल: मार्च येईल आणि डब्यात पैसे पुरेसे साठलेले नसतील. तेव्हा ज्वारी तीस-चाळीस किलोच घ्या, डाळ दहा किलो, बाकी जमेल तसं. बोनस मिळत असेल तर त्यातला थोडा इथे वळवा. आणि दूध-भाजी या आठ हजारांत धरत असाल तर आधी ती बाहेर काढा. दुधाचा हिशेब कॅलेंडरवर असतो तिथेच राहू दे, भाजीला दर आठवड्याला ठरावीक रोख पैसे पिशवीत घालून लक्ष्मी मंडईत जा. मोबाईल घरी ठेवलात तर स्कॅन करून जास्तीचं घेण्याचा प्रश्नच येत नाही.