हासेबेची कारकीर्द गोलांवरून मोजू नका

तुमचा प्रश्न असा: जपानी फुटबॉलपटू माकोतो हासेबे सोळा वर्षं जर्मनीत खेळला, पण नावावर गोल मोजकेच आणि बायर्नसारख्या बड्या क्लबकडून कधी खेळला नाही. मग परदेशात खेळलेल्या जपानी खेळाडूंत मी त्याचं नाव सगळ्यात आधी का घेतो?

आधी एक मान्य करतो. ऐन भरातला शिंजी कागावा हासेबेपेक्षा कितीतरी देखणा खेळायचा. डॉर्टमुंडबरोबर त्याने 2011 आणि 2012 अशी जर्मन लीगची लागोपाठ दोन जेतेपदं मिळवली, पुढे मँचेस्टर युनायटेडकडून इंग्लंडची लीगही जिंकली. पण तो भर फार वर्षं टिकला नाही. हासेबे मात्र चाळिशीपर्यंत बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, होता आणि तिथे 384 सामने खेळला. आशियाई खेळाडूंत हा विक्रम आधी कोरियाच्या चा बुम-कुनच्या नावावर होता, 308 सामन्यांचा. तो हासेबेने 2020 मध्ये मोडला.

नुसता टिकला एवढंच असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. तो कसा टिकला ते बघा. उरावा रेड्सकडून जपानची लीग आणि आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकून तो जानेवारी 2008 मध्ये वोल्फ्सबुर्गला आला. प्रशिक्षक होते फेलिक्स मागाथ, खेळाडूंना पळवून पळवून घाम काढणारे म्हणून प्रसिद्ध. पुढच्याच मोसमात, 2009 ला, संघ विजेता झाला. गोल केले ग्राफिते आणि जेको यांनी, नाव त्यांचंच झालं. बुंडेसलिगा जिंकणारा हासेबे हा दुसराच जपानी. पहिला यासुहिको ओकुदेरा, कोलोनकडून 1978 मध्ये. (ओकुदेराबद्दल नक्की वाचा. परदेशी जाणाऱ्या जपानी खेळाडूंसाठी वाट त्याने पाडली.)

त्यानंतरची वर्षं खडतर होती. 2012 च्या उन्हाळ्यात त्याला क्लब सोडायचा होता, ते जमलं नाही आणि मोसमाच्या सुरुवातीला त्याला संघाबाहेर बसावं लागलं. मागाथ गेल्यावर तो परत आला. कधी मधल्या फळीत, कधी उजव्या बगलेला, जिथे उभं करतील तिथे खेळला. 2011 मध्ये हॉफेनहाइमविरुद्ध गोलरक्षकाला लाल कार्ड मिळालं आणि बदली खेळाडू संपले होते, तेव्हा हातमोजे घालून गोलमध्येसुद्धा उभा राहिला! मग न्यूर्नबर्गला एक मोसम, त्यात गुडघ्याची दुखापत, आणि शेवटी संघाची दुसऱ्या श्रेणीत घसरण. तिशीतल्या खेळाडूची परदेशातली कारकीर्द बहुतेक वेळा इथेच संपते.

त्याची मात्र 2014 मध्ये फ्रँकफुर्टला नव्याने सुरू झाली. तिथले प्रशिक्षक निको कोवाच यांनी त्याला तीन बचावपटूंच्या मधोमध, सगळ्यांच्या मागे खेळवलं. जर्मन लोक या जागेला लिबेरो म्हणतात. त्याचा वेग कमी झाला होता, उंचीही बेताची. पण पास कुठे पडणार हे त्याला आधीच कळायचं. त्यामुळे तो चेंडूच्या मागे धावत नसे, चेंडू येणार त्या जागी तो आधीच उभा असे. शिवाय मूळचा मधल्या फळीतला असल्याने चेंडू मिळाला की उगाच लांब न भिरकावता नीट पुढे द्यायचा. 2018 मध्ये बायर्नला 3-1 ने हरवून फ्रँकफुर्टने जर्मन कप जिंकला. 2022 च्या युरोपा लीग अंतिम सामन्यात, रेंजर्सविरुद्ध, तो 38 व्या वर्षी बदली खेळाडू म्हणून आला आणि संघाने पेनल्टींवर करंडक उचलला.

जपानसाठी 114 सामने आणि गोल फक्त दोन. पण 2010, 2014 आणि 2018 या तिन्ही विश्वचषकांत कर्णधार तोच. 2010 मध्ये तर स्पर्धा तोंडावर आली असताना जपानचे प्रशिक्षक ओकादा यांनी नाकाझावाकडून कर्णधारपद काढून 26 वर्षांच्या हासेबेकडे दिलं, आणि पुढच्या वर्षी त्याच्याच नेतृत्वाखाली जपानने आशियाई करंडक जिंकला. ज्याच्या खेळात डोळ्यांत भरण्यासारखं काही नाही, त्याच्यावर वेगवेगळ्या स्वभावांचे इतके प्रशिक्षक वर्षानुवर्षं विसंबून राहतात, यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं.

जर्मनीच का, हेही लक्षात घ्या. इंग्लंडमध्ये वर्क परमिटच्या अटी कडक होत्या, इटली-स्पेनमध्ये युरोपबाहेरच्या खेळाडूंच्या संख्येवर बंधन होतं. बुंडेसलिगाने ती मर्यादा 2006 मध्ये काढली. हासेबेनंतर जपानी खेळाडूंची तिथे रीघ लागली, त्यामागे हे मोठं कारण आहे. पण दार उघडं असलं तरी आत टिकता येतं, हा भरवसा जर्मन क्लबना त्याच्यासारख्यांनी दिला.

त्याचे क्षणचित्रांचे व्हिडिओ बघू नका, त्यात काहीच सापडणार नाही. 2019 च्या युरोपा लीगमधली चेल्सीविरुद्धची उपांत्य लढत मिळाली तर पूर्ण बघा, आणि चेंडू दुसरीकडे असतानाही नजर त्याच्यावरच ठेवा.