जर्मनसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न: मुलगी बारावी कॉमर्स झाली, अकाउंट्समध्ये चांगली आहे. पुण्यात बी.ए. जर्मनला प्रवेश मिळतोय. होस्टेल आणि मेस मिळून महिना १२ हजार. शिवाय एक खासगी क्लास ‘दहा महिन्यांत बी-टू आणि जर्मनीत आउसबिल्डुंगची हमी’ म्हणून २ लाख ७५ हजार एकरकमी मागतोय. आमची ९ लाखांची एफडी आहे, मुदत संपायला १४ महिने. यजमानांच्या पगारातून १८ हजार मागे पडतात. एफडी मोडून दोन्ही करावं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: ताई, एफडी मोडू नका आणि ते पॅकेजही घेऊ नका. बी.ए.ला माझी हरकत नाही, पण एका अटीवर. ती पुढे सांगतो.

आधी पॅकेज. जर्मनच्या पातळ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत जातात. बी.ए.मध्ये तीन वर्षं जर्मनच शिकायचं, मग तेच ए-वन, ए-टू बाहेर पुन्हा विकत का घ्यायचं? आणि आउसबिल्डुंग म्हणजे कारखान्यात, हॉटेलात किंवा रुग्णालयात काम करत शिकणं. त्यात मालकच शिकाऊ उमेदवाराला दरमहा भत्ता देतो. त्याची ‘हमी’ क्लासवाला कशाच्या जोरावर देतो, हे त्याला लेखी विचारा. पैसे परत करण्याची अटही कागदावर मागा. बहुतेकदा तिथेच बोलणं संपतं.

मुदतीआधी एफडी मोडली की जितके दिवस ठेवली तितक्याच मुदतीचा दर मिळतो, वर बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात. अडचण आलीच तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती तारण ठेवून लागेल तेवढी उचल. व्याज वापरलेल्या रकमेवरच पडेल.

महिन्याचा हिशेब तसा बसतो. १८ हजारांतून होस्टेलचे १२ गेले की ६ उरतात. कॉलेजची फी, पुस्तकं आणि मॅक्स म्युलर भवन या जर्मन भाषा-संस्थेच्या परीक्षा त्यात भागवायच्या. बी-वनला वाचन, श्रवण, लेखन, संभाषण हे चार भाग वेगवेगळे देता येतात. एक राहिला तर तेवढाच पुन्हा द्यायचा. हात आखडता राहील, पण कर्ज लागणार नाही.

आता अट. नुसत्या जर्मनवर उभं राहायचं तर मुख्य वाटा दोनच: शिकवणं आणि भाषांतर. कॉलेजात शिकवायला एम.ए. आणि नेट ही पात्रता परीक्षा लागते, म्हणजे पाच वर्षं तरी धराच. साधी भाषांतरं आता यंत्रं उरकतात. पुण्यात जर्मन कंपन्या भरपूर आहेत, पण त्यांना जर्मन येणारा अकाउंटंट किंवा इंजिनिअर हवा असतो. भाषा ही वरची साय. तुमच्या मुलीच्या हातात अकाउंट्स आहेच, ते सोडू देऊ नका. बी.ए. करताना टॅली, जीएसटीचं काम तिने शिकावं. खरं तर मी तिच्या जागी असतो तर बी.कॉम. केलं असतं आणि रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात जर्मनचा सर्टिफिकेट कोर्स जोडीला घेतला असता. पण निर्णय तिचा. मनाविरुद्ध घेतलेली पदवी महागच पडते.

एफडीचा खरा उपयोग पुढे आहे, मुलगी जर्मनीत शिकायला गेली तर. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते, म्हणून लोक ‘फुकट शिक्षण’ म्हणतात. व्हिसासाठी मात्र वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात. युरो शंभर रुपयांना धरला तरी ते जवळपास १२ लाख. म्हणून मुदत संपल्यावर ९ पैकी ३ लाख घराच्या अडीअडचणीला वेगळे काढा, उरलेले ६, म्हणजे त्या १२ लाखांतले निम्मे, पुन्हा गुंतवा आणि मुलगी बी-टू झाल्याशिवाय त्यांना हात लावू नका.