डेट्रॉइटची १३ वी जागा: ठाणेदारांना हरवता येईल का?

इथे दोन प्रश्न विचारलेत आणि ते एकमेकांत गुंतलेत. पहिला: २०२६ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, डोनावन मॅकिनी हे मिशिगनच्या १३ व्या मतदारसंघाचे मराठी खासदार श्री ठाणेदार यांना पाडू शकतील का? दुसरा जरा रागानेच विचारलाय: 'डेट्रॉइटला काळाच खासदार हवा' असं म्हणणं हा उलटा वंशवाद नव्हे का? मी डेट्रॉइटच्या उपनगरात बरीच वर्षं राहतो आणि इथल्या निवडणुकांचे आकडे चाळत बसायची खोड मला जुनीच आहे. दोन्ही प्रश्नांवर लिहितो, पण सुरुवात दुसऱ्यापासून. तो समजला नाही तर पहिल्याचं गणित नीट मांडता येत नाही.

ही जागा साधी नाही. १९५५ च्या जानेवारीत चार्ल्स डिग्स डेट्रॉइटमधून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत गेले, मिशिगनचे पहिले आफ्रिकन-अमेरिकन सदस्य. १९६५ मध्ये जॉन कॉनियर्स गेले आणि २०१७ च्या डिसेंबरपर्यंत राहिले. नागरी हक्क चळवळीतल्या रोझा पार्क्स अलाबामा सोडून डेट्रॉइटला आल्या होत्या, त्यांना कॉनियर्सनीच आपल्या इथल्या कार्यालयात नोकरी दिली. त्या १९८८ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथे होत्या. शिवाय क्रॉकेट, बार्बरा-रोझ कॉलिन्स, किलपॅट्रिक, लॉरेन्स हे काळे खासदारही इथूनच गेले. म्हणजे १९५५ पासून २०२३ च्या सुरुवातीपर्यंत असा दिवस आला नाही की डेट्रॉइटचा निदान एक काळा प्रतिनिधी वॉशिंग्टनमध्ये नव्हता. शहराची तीन चतुर्थांशांहून जास्त वस्ती काळी आहे. ठाणेदार निवडून आले आणि ती सलग परंपरा तुटली. गंमत पाहा, त्याच निवडणुकीत मिशिगनमधून एक काळा उमेदवार जिंकलाच, जॉन जेम्स. पण तो रिपब्लिकन, आणि त्याचा मतदारसंघ शेजारच्या मॅकोम काउंटीतला, बहुसंख्य गोऱ्यांचा.

हे कुणा एकाच्या कारस्थानाने झालं नाही. २०२० च्या जनगणनेनंतर मिशिगनची एक जागा गेली, १४ च्या १३ झाल्या. नकाशा पहिल्यांदाच नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाने आखला. आधी डेट्रॉइटभोवती काळ्या मतदारांचं बहुमत असलेले दोन मतदारसंघ होते. आयोगाने शहराचे तुकडे उपनगरांना जोडले आणि नव्या १२ व्या आणि १३ व्या, दोन्ही मतदारसंघांत काळे मतदार निम्म्याच्या खाली आले. राज्याच्या विधिमंडळाच्या नकाशातही आयोगाने हेच केलं होतं. त्यावर खटला झाला आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये फेडरल न्यायाधीशांनी डेट्रॉइट परिसरातले १३ मतदारसंघ वंशाच्या आधारे आखले म्हणून रद्द केले. काँग्रेसच्या नकाशाला मात्र त्या निकालाने हात लागला नाही. १३ व्यात आज डेट्रॉइटच्या मोठ्या भागाबरोबर दक्षिणेकडची कामगारवस्तीची गोरी उपनगरं आहेत, पूर्वेला तळ्याकाठची श्रीमंत ग्रोस पॉइंट गावं आहेत आणि मध्येच बांगलादेशी-येमेनी वस्तीचं हॅमट्रॅमक आहे.

आता २०२२. जागा इतकी डेमोक्रॅटिक की खरी निवडणूक ऑगस्टच्या प्रायमरीतच होते, नोव्हेंबर ही औपचारिकता. प्रायमरीत दुसरी फेरी नसते, ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकला. उमेदवार नऊ, ठाणेदार सोडून बाकीचे बहुतेक सगळे काळे. डेट्रॉइटच्या वेन काउंटीचे प्रमुख वॉरन एव्हान्स यांनी मतं फुटणार हे ओळखून पुढाऱ्यांची समिती जमवली आणि अ‍ॅडम होलियर यांचं नाव सुचवलं, बाकीच्यांनी माघार घ्यावी म्हणून. कुणी ऐकलं नाही. ठाणेदारांना साधारण २८ टक्के, होलियरना २३, तिसऱ्या आलेल्या पोर्शिया रॉबरसनना १७. म्हणजे सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांनी ठाणेदारांना मत दिलंच नव्हतं.

बेळगावच्या वाचकांना हे उलगडून सांगायची गरज नाही. एकीकरण समितीचे २०१३ मध्ये दोन आमदार होते, २०१८ मध्ये गटबाजी आणि बंडखोरीत एकही उरला नाही. मराठी मतं कुठे गेली नव्हती, फक्त वाटली गेली. ठाणेदार चिकोडीत जन्मले, बेळगावात वाढले. 'आमच्या भागातून आमचा माणूस निवडून यावा' ही मागणी तिथल्या मराठी माणसाने केली की आपण तिला अस्मिता म्हणतो, डेट्रॉइटच्या काळ्या माणसाने केली की वंशवाद. मला हे पटत नाही. मागणी न्याय्य आहे. तेवढ्यावर निवडणूक जिंकता येते का, हा मात्र वेगळा मुद्दा, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असं आलेलं आहे.

उदाहरणं इथलीच आहेत. १९७३ मध्ये कोलमन यंग डेट्रॉइटचे पहिले काळे महापौर निवडून आले, त्यानंतर चाळीस वर्षं सगळे महापौर काळेच. २०१३ मध्ये शहर दिवाळखोरीत असताना माइक डगन निवडून आले, गोरे. प्रायमरीत त्यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं. लोकांनी हाताने लिहून मतं दिली आणि ते पहिले आले. पुढे दोनदा मोठ्या मताधिक्याने परत आले. २०१२ मध्ये गॅरी पीटर्स या गोऱ्या उमेदवाराने काळ्या बहुमताच्या १४ व्या मतदारसंघात प्रायमरी जिंकली. त्यांच्यासमोर हॅन्सन क्लार्क होते, ज्यांचे वडील आजच्या बांगलादेशातले आणि आई आफ्रिकन-अमेरिकन, शिवाय ब्रेंडा लॉरेन्सही होत्या. पुन्हा मतविभागणी.

डेट्रॉइटबाहेर सगळ्यात बोलकं उदाहरण टेनेसी राज्यातल्या मेम्फिसचं. काळ्या बहुमताच्या जागेवर २००६ मध्ये स्टीव्ह कोहेन हे गोरे ज्यू उमेदवार १५ जणांच्या गर्दीत ३१ टक्क्यांवर निवडून आले. २००८ मध्ये निकी टिंकर यांनी त्यांना कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवादी संघटनेशी जोडणारी जाहिरात केली. कोहेन जवळपास ऐंशी टक्क्यांनी जिंकले. २०१० मध्ये माजी महापौर विली हेरेन्टन 'टेनेसीतून निदान एक तरी काळा सदस्य हवा' या मुद्द्यावर उभे राहिले, त्यांचीही तीच गत. कोहेन मतदारसंघात काम करत होते, त्यांचं मतदान लोकांना पटत होतं. काळा मतदार, विशेषतः ऑगस्टच्या उन्हात मतदानाला जाणारी चर्चमधली साठीपुढची बाई, नुसत्या रंगावर भुलत नाही. उलट असं गृहीत धरलेलं तिला खपत नाही.

मग ठाणेदार कोहेनसारखे पक्के आहेत का? नाहीत, असं माझं मत. कोहेन पहिल्या विजयानंतर दोन वर्षांत मतदारसंघाचे झाले. ठाणेदारांचं तसं झालेलं दिसत नाही.

त्यांचं बळ कमी लेखू नका. २०१८ मध्ये गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत ते स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर घालून उतरले, राज्यात तिसरे आले, पण डेट्रॉइट शहरात त्यांना भरपूर मतं पडली. टीव्ही, रेडिओ, पत्रकं यांतून नाव घराघरात पोचलं होतं. त्यानंतर ते अ‍ॅन आर्बर सोडून डेट्रॉइटला राहायला आले आणि २०२० मध्ये राज्याच्या विधानसभेत गेले. गरिबीतून वर आल्याची त्यांची गोष्ट आपल्याला त्यांच्या मराठी आत्मचरित्रामुळे पाठ आहे. डेट्रॉइटच्या गरीब मतदारालाही ती भिडते, हे मी प्रचारसभेत पाहिलंय. दुसरीकडे न्यू जर्सीतल्या त्यांच्या बंद पडलेल्या प्रयोगशाळेत मागे राहिलेल्या शंभरावर बीगल कुत्र्यांचं प्रकरण प्रत्येक निवडणुकीत वर येतं. बँकेने ताबा घेतला होता, असं त्यांचं म्हणणं. भूमिकाही बदलत्या. २०२२ मध्ये इस्रायलसमर्थक गटांनी त्यांच्या विरोधात, होलियरसाठी चाळीस लाखांवर डॉलर ओतले. पुढच्याच वर्षी ठाणेदार डेमोक्रॅटिक सोशलिस्ट ही डावी संघटना सोडून ठाम इस्रायलसमर्थक झाले. आता तोच मुद्दा मॅकिनी त्यांच्यावर उलटवतात.

२०२४ चा निकाल मात्र बारकाईने बघा. होलियर समोरासमोर लढणार होते, पण उमेदवारीसाठी मतदारांच्या १,००० वैध सह्या हव्या असताना काउंटी क्लार्कना ८६३ च सापडल्या आणि त्यांचं नाव मतपत्रिकेवर आलंच नाही. हरकत ठाणेदारांनीच घेतली होती. उरल्या नगरसेविका मेरी वॉटर्स, ज्यांच्याकडे पैसा जवळपास नव्हता, आणि आणखी एक उमेदवार. तरीही विद्यमान खासदाराला पंचावन्नच्या आसपासच टक्के मिळाले. पैसा नसलेल्या विरोधकांपुढे एवढंच, हे दुबळेपणाचं लक्षण.

म्हणून २०२६ वेगळी आहे. मॅकिनी तिशीतले, डेट्रॉइटमध्येच वाढलेले, २०२३ पासून राज्याच्या विधानसभेत. पाठीशी जस्टिस डेमोक्रॅट्स हा पक्षातला डावा गट, सिनेटर बर्नी सँडर्स आणि शेजारच्या १२ व्याच्या खासदार रशिदा तलैब. शेजारच्या खासदाराने आपल्याच पक्षाच्या सहकाऱ्याविरुद्ध उघड पाठिंबा देणं दुर्मीळ असतं. त्यांचा प्रचार मी ऐकलाय. वंशाचा विषय ते जवळपास काढतच नाहीत. 'मी इथला, गरिबीतला, आणि हे स्वतःच्या पैशावर जागा विकत घेणारे कोट्यधीश' एवढंच सांगतात. ज्याला जे ऐकायचंय ते तो त्यातून ऐकतो. हे हुशारीचं आहे, हेरेन्टनपेक्षा कितीतरी. होलियरही आधी रिंगणात होते, ते मिशिगनच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्यातल्या निवडणुकांचा कारभार पाहणाऱ्या) पदाकडे वळले, त्यामुळे मतं फुटायची एक मोठी शक्यता गेली. ठाणेदारांनी एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची सात कलमं आणली आणि पक्षनेतृत्व नाराज झाल्यावर मतदानाचा आग्रह सोडला. त्यात मला मॅकिनींच्या आव्हानामुळे उडालेली घाई दिसली.

मॅकिनींची अडचण उपनगरांत आहे. ग्रोस पॉइंट आणि दक्षिणेकडची गावं प्रायमरीत शहरापेक्षा चढ्या प्रमाणात मतदान करतात. तिथल्या गोऱ्या डेमोक्रॅटला सँडर्सचं नाव चालेलच असं नाही, आणि ठाणेदारांची पत्रकं तिथे दर आठवड्याला पडतात. शिवाय विरोधातल्या मैदानात तिसरा दमदार काळा उमेदवार उतरला तर २०२२ चीच पुनरावृत्ती. माझा अंदाज: सरळ लढत झाली तर मॅकिनी थोडे पुढे, तिरंगी झाली तर ठाणेदार आरामात.

आता आपल्या लोकांबद्दल. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात 'आपला माणूस' म्हणून जे तावातावाने बोलतात, त्यातले बहुतेक ट्रॉय, नोव्हाय, कँटनला राहतात. यातलं एकही गाव १३ व्यात नाही. आपल्याला तिथे मत नाही, फक्त चेक लिहिता येतो. जरूर लिहा, कुणालाही. पण मॅकिनींच्या सभेला येणारी माणसं आपल्यावर जळतात वगैरे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याआधी एवढं ध्यानात घ्या की आपल्याला या देशाची दारं उघडणारा १९६५ चा कायदा ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो सिनेटर फिलिप हार्ट मिशिगनचाच होता, आणि कॉनियर्स त्याच वर्षी सभागृहात आले होते.

ज्यांना खरंच शर्यत समजून घ्यायचीय त्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. एप्रिलच्या मुदतीपर्यंत कुणाकुणाच्या सह्या पुऱ्या होतात, आणि त्यातले किती जण ४ ऑगस्टपर्यंत टिकतात. सर्वेक्षणं आली तर त्यात उपनगरांचा वाटा किती धरलाय ते आधी तपासा. तो कमी धरला असेल तर मॅकिनी आहेत त्यापेक्षा पुढे दिसतील.