ब्रिटनमध्ये गॅस-विजेचा मासिक डायरेक्ट डेबिट अचानक दुप्पट झाला, तर काय करावं?

तुमच्या प्रश्नातली हकिगत अशी: लेस्टरला भाड्याच्या दोन बेडरूमच्या घरात जूनमध्ये आलात, घरी दोघंच, दिवसा दोघंही ऑफिसात. गॅस आणि वीज मिळून महिन्याला ११८ पौंड डायरेक्ट डेबिटने, म्हणजे बँकेतून आपोआप, जात होते. आता ईमेल आलाय की पुढच्या महिन्यापासून २४३ कापणार. खात्यात तुमचेच १४० पौंड जमा आहेत. फोन केला तर पलीकडची बाई म्हणाली, 'सिस्टिम काढते आकडा.' आणि तुम्ही विचारताय, बँकेत जाऊन डायरेक्ट डेबिट रद्दच करून टाकू का?

नका करू. निदान आज तरी नको.

आपल्याकडे महिनाभर वीज वापरायची आणि मग बिल भरायचं, याची इतकी सवय असते की इथे पहिली एक-दोन वर्षं माझाही हाच गोंधळ व्हायचा. २४३ हे तुमचं बिल नाही, तो हप्ता आहे. वर्षभरात तुम्ही किती जाळाल याचा कंपनी अंदाज करते, त्याला दराने गुणते, आधीची थकबाकी असेल तर मिळवते, जमा असेल तर वजा करते आणि बाराने भागते. उन्हाळ्यात पैसे साठतात, डिसेंबर-जानेवारीत हीटिंग ते खाऊन टाकतं. म्हणून 'एवढे पैसे कसे?' हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. विचारायचं ते हे: माझा वर्षाचा वापर तुम्ही किती युनिट (किलोवॅट-तास, बिलावर गॅसही त्यातच मोजतात) धरलाय? विजेचा वेगळा सांगा, गॅसचा वेगळा सांगा.

उलटा हिशेब करून बघू. २४३ गुणिले १२ म्हणजे २९१६. तुमचे जमा १४० त्यांनी वजा केलेले असणार, म्हणजे वर्षाचा खर्च ३०५६ पौंड धरलाय. स्टँडिंग चार्ज, म्हणजे काहीही न वापरता रोज द्यायची ती रक्कम, दोन्हीची मिळून साधारण ८५ पेन्स धरली तर वर्षाला ३१० जातात. उरले २७४६. दोघांच्या घराला २४०० युनिट वीज २५ पेन्सने धरली की ६०० पौंड होतात. बाकीचे २१४६ गॅसचे, आणि सहा पेन्सने ते होतात जवळपास ३५,८०० युनिट. (दर मी हिशेबाला सोपे घेतलेत, तुमचे बिलावर असतील ते घाला.) ऑफजेमने, म्हणजे गॅस-वीज कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२३ साली मध्यम वापराच्या घरासाठी गॅसचा आकडा ठरवला तो वर्षाला ११,५०० युनिटांचा. तुम्ही दोघं घरात तंदूर लावून बसला असाल तरच पस्तीस हजारांचं गणित जुळेल!

आता हा आकडा आला कुठून? माझा पहिला संशय तुमच्या आधीच्या भाडेकरूंवर. वापराचा अंदाज माणसाच्या नावाला चिकटलेला नसतो, मीटरच्या नंबराला चिकटलेला असतो. आधी तिथे पाच-सहा माणसांचं कुटुंब असेल, आजी दिवसभर घरी असेल आणि हीटिंग सकाळपासून चालू राहत असेल, तर तो इतिहास तुमच्या वाट्याला येतो. त्यात तुम्ही लिहिलंय की स्मार्ट मीटरचा घरात ठेवायचा वेगळा डिस्प्ले आल्यापासून बंद आहे आणि रीडिंग कधी दिलंच नाही. म्हणजे त्यांच्याकडे तुमचं असं बहुधा काहीच नाही. बिल उघडा आणि रीडिंगच्या शेजारी काय लिहिलंय ते पाहा. 'एस्टिमेटेड' किंवा नुसतं 'ई' असेल तर तो अंदाज. आपल्याकडच्या सरासरी बिलासारखाच प्रकार.

दुसरा संशय मी घेते तो माझं स्वतःचं तोंड पोळलंय म्हणून. लंडनजवळच्या स्लावमधलं आमचं घर जुनं, गॅसचा मीटर जिन्याखालच्या कपाटात, चपला आणि तांदळाच्या पोत्याच्या मागे. एका हिवाळ्यात हप्ता असाच उडाला आणि वर खात्यावर मोठी थकबाकी दिसायला लागली. महिनाभर आम्ही घरातच एकमेकांवर खेकसत होतो, थर्मोस्टॅट कोणी वाढवला म्हणून. सासूबाई तेव्हा पुण्याहून आल्या होत्या, त्या बिचाऱ्या दोन स्वेटर घालून बसायच्या. शेवटी एका रविवारी मी टॉर्च तोंडात धरून कपाटात शिरले. मीटरच्या तबकडीवर 'एम' आणि वर छोटा तीन होता, म्हणजे घनमीटर. बिल काढून पाहिलं तर तिथे मीटरचा प्रकार 'इम्पीरियल' छापलेला, म्हणजे घनफूट. आमच्या आधी कधीतरी जुना मीटर बदलून नवा बसवला होता आणि कंपनीच्या नोंदीत जुनाच राहिला होता.

याने काय होतं पाहा. मीटरवर १०० घनमीटर पडले तर त्याला १.०२२६४ ने गुणायचं, मग बिलावर लिहिलेल्या कॅलरिफिक व्हॅल्यूने (गॅसमधली उष्णता, ती ३९-४० च्या घरात असते) गुणायचं आणि ३.६ ने भागायचं. साधारण ११२० युनिट होतात, सहा पेन्सने ६७ पौंड. तेच १०० इम्पीरियल समजले, तर कंपनी आधी २.८३ ने गुणते, कारण जुन्या मीटरचा एक आकडा म्हणजे शंभर घनफूट. झाले ३१७५ युनिट, १९० पौंड! सासूबाईंचे स्वेटर फुकट गेले. तुमचा गॅसचा आकडा अपेक्षेच्या तिपटीच्या आसपास दिसतोय, म्हणून हे एवढं सविस्तर सांगतेय. खूण सोपी आहे: घनमीटरच्या मीटरवर दशांशाआधी बहुधा पाच आकडे असतात, जुन्या घनफुटाच्या मीटरवर चार. मीटरवरचा सीरियल नंबर आणि बिलावरचा नंबर एकच आहे ना, हेही त्याच वेळी बघून घ्या. फ्लॅट असेल तर नक्कीच, शेजाऱ्याचा मीटर तुमच्या नावावर असण्याचे किस्से मी ऐकलेत.

तर आज संध्याकाळी करायचं ते एवढंच. दोन्ही मीटरचे फोटो काढा. घरातला डिस्प्ले बंद असला तरी खुद्द स्मार्ट मीटरवर रीडिंग दिसतं, बटण दाबत राहिलात की येतं. ते कंपनीच्या ॲपवर भरा. घर ताब्यात घेताना एजंटने इन्व्हेंटरीत (घरातल्या सामानाच्या यादीत) जूनचं रीडिंग लिहिलं असेल, ते शोधा. दोन रीडिंगांमधला फरक हाच तुमचा खरा वापर (गॅसचा वरच्या रीतीने युनिटांत बदलून घ्या). जून ते आता एवढाच काळ असल्याने सरळ बारा महिन्यांना ताणू नका, हीटिंगचे महिने त्यात अर्धेच आलेत. समजा वर्षाला वीज २४०० आणि गॅस ८००० निघाला, तर ६०० अधिक ४८० अधिक ३१०, म्हणजे १३९० पौंड. जमा १४० वजा करून बाराने भागले तर १०४. म्हणजे जुना ११८ चा हप्ताही पुरून उरला असता.

उलटही निघू शकतं, ते आधीच सांगून ठेवते. अंदाजाची बिलं कमी धरलेली असतील तर खऱ्या रीडिंगने थकबाकी उघडी पडेल. पण ती जितकी उशिरा उघडी पडेल तितकी जड जाते. (तुमची चूक नसताना १२ महिन्यांपेक्षा जुन्या वापराचं बिल घरगुती ग्राहकाला नव्याने लावता येत नाही, हा नियम २०१८ पासून आहे.) आणि तुमच्या ऐपतीत बसेल असा हप्ता ठरवून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

मग लिहा. फोन नको, ईमेल किंवा ॲपमधलं चॅट, म्हणजे पुरावा राहतो. त्यात 'कम्प्लेंट' हा शब्द पहिल्याच ओळीत घाला. 'क्वेरी' म्हणालात तर ती चौकशीच धरली जाऊ शकते आणि तक्रारीचं घड्याळ सुरू होईलच असं नाही. पुढे एवढंच: माझी रीडिंग ही, वर्षाचा माझा हिशेब हा, तुम्ही गॅसचे आणि विजेचे किती युनिट धरले ते लेखी कळवा आणि हप्ता अमुक करा. कंपनीच्या लायसन्सच्या अटीतच आहे की ठरावीक हप्ता उपलब्ध असलेल्या सगळ्यात चांगल्या आणि ताज्या माहितीवर बेतलेला हवा आणि तो कसा काढला ते ग्राहकाला समजेल असं सांगायला हवं. तेव्हा 'सिस्टिम काढते' हे उत्तर होत नाही. तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात. २०२२ च्या वसंतात दर भडकले तेव्हा पाच लाखांहून जास्त ग्राहकांचे हप्ते दुपटीहून वर गेले होते आणि ऑफजेमने कंपन्यांना त्याचा जाब विचारला होता.

फोनवर कोणी 'प्राइस कॅप (ऑफजेमने घातलेली दराची कमाल मर्यादा) वाढली' असं म्हणालं तर त्याने गप्प होऊ नका. कॅप युनिटच्या दरावर आणि स्टँडिंग चार्जवर असते, एकूण बिलावर नसते. आणि युनिटचे दर तीन-तीन महिन्यांनी बदलतात ते सहसा काही टक्क्यांनी, दुपटीने नव्हे.

आठ आठवड्यांत सुटलं नाही, किंवा त्याआधीच त्यांनी 'आमचं उत्तर हेच' असं डेडलॉकचं पत्र दिलं, तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जा. फुकट असतं, वकील लागत नाही आणि तुम्ही निकाल मान्य केलात तर कंपनीला तो पाळावाच लागतो. मधे अडलात तर सिटिझन्स ॲडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेला फोन करा, लोक खरंच मदत करतात. (हे वाचणारं कोणी बेलफास्टला, म्हणजे उत्तर आयर्लंडमध्ये, असेल तर तिकडची व्यवस्था वेगळी, तिथे कन्झ्युमर कौन्सिल पाहते.)

आता रद्द करण्याबद्दल. बँकेत दोन टिचक्यांत होतं, पण डायरेक्ट डेबिटचा दर सहसा स्वस्त असतो, तो जातो आणि प्रत्येक बिल हाताने भरत बसावं लागतं. रक्कम बदलायची तर कंपनीला तुम्हाला आधी कळवावं लागतं, बहुधा कामाचे दहा दिवस आधी, म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे. चुकीने जास्त कापले तर डायरेक्ट डेबिट गॅरंटीखाली बँक पैसे परत करते, पण कंपनीच्या वहीत ते तुमच्या नावावर बाकीच दिसत राहतात, म्हणून तो रस्ता सरळसरळ चुकीसाठीच ठेवा. ठरावीक हप्त्याचाच वीट आला असेल तर 'व्हेरिएबल' डायरेक्ट डेबिट देतात का विचारा. जेवढं जळलं तेवढंच दर महिन्याला जातं. मी हल्ली तोच घेतलाय. जानेवारीत पोटात गोळा येतो, जुलैत आइस्क्रीम खातो.

फोटो काढताना फ्लॅश मात्र बंद ठेवा. मीटरच्या काचेवर उजेड पडतो आणि नेमका शेवटचा आकडा दिसत नाही, मला दोनदा कपाटात शिरावं लागलं होतं.