वाचक विचारतात : लेस्टरचं विद्यापीठ सरकारी की खासगी?

प्रश्न : मुलीला इंग्लंडमधल्या ‘लायसेस्टर’ विद्यापीठात आनुवंशशास्त्राच्या एमएस्सीला प्रवेश मिळतोय. नात्यातले एक जण म्हणतात, त्या शहरात दोन विद्यापीठं आहेत आणि खरं एकच. हे सरकारी आहे की खासगी? नाव आम्ही कधी ऐकलेलं नाही.
– काळजीत पडलेला बाप

उत्तर : आधी उच्चार. लेस्टर. मीही लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या तिकीट खिडकीवर ‘लायसेस्टर’ म्हणाले होते. खिडकीतल्या माणसाने मुकाट्याने तिकीट दिलं, रांगेतले मात्र हसले. मुलीला तेवढं वाचवा.

विद्यापीठं दोन आहेत आणि दोन्ही खरी. डी मॉन्टफर्ट हे पूर्वीचं पॉलिटेक्निक, 1992 मध्ये विद्यापीठ झालं. मी शिकले ते व्हिक्टोरिया पार्कला लागून असलेलं ‘युनिव्हर्सिटी ऑफ लेस्टर’. प्रवेशपत्रावर कुठलं नाव आहे ते एकदा नीट पाहा.

सरकारी की खासगी, या प्रश्नाला तिथे सरळ उत्तर नाही. म्हणायला सार्वजनिक, पण सरकार मालक नाही आणि नफा वाटून घेणारा दुसराही कुणी मालक नाही. राजसनदेने पदवी देण्याचा अधिकार मिळालेली ही स्वायत्त संस्था. संलग्न कॉलेजं नाहीत. शिकवतात तेच, पेपर तपासतात तेच. पण ‘सार्वजनिक’ म्हणजे स्वस्त, असं समजू नका. तिथल्या मुलांच्या पदवीच्या फीला सरकारने कमाल मर्यादा घातली आहे, परदेशी विद्यार्थ्यांच्या फीला नाही.

नाव ऐकलेलं नाही, कारण वय कमी. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचं स्मारक म्हणून 1921 मध्ये गावकऱ्यांच्या देणग्यांवर इथे कॉलेज निघालं. जागा मिळाली ती जुन्या वेड्यांच्या इस्पितळाची! ती इमारत आजही प्रशासनाकडे आहे आणि त्यावरचे विनोद दर वर्षीची नवी मुलं नव्याने करतात. पुढे 1957 मध्ये राजसनद मिळेपर्यंत पदवी लंडन विद्यापीठाची असायची. फ्रेडरिक ॲटनबरो इथले प्राचार्य होते, त्यामुळे ‘गांधी’ चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड आणि निसर्गावरच्या मालिकांचे डेव्हिड ही त्यांची मुलं याच आवारात वाढली. ॲटनबरोंच्या नावाच्या अठरा मजली टॉवरमध्ये माझ्या वेळी बिनदाराची, कधीच न थांबणारी लिफ्ट होती. चालत्या खणात पाऊल टाकून चढायचं, तसंच उतरायचं. पहिल्या आठवड्यात मी जिनेच चढले. आता ती बंद केली आहे.

तुमच्या मुलीचा विषय मात्र या विद्यापीठाचा घरचाच. 10 सप्टेंबर 1984 च्या सकाळी ॲलेक जेफ्रीज यांनी इथल्या डार्करूममध्ये एक्स-रे फिल्म धुऊन बाहेर काढली आणि माणसागणिक वेगळे पडणारे डीएनएचे पट्टे त्यांना दिसले. डीएनए फिंगरप्रिंटिंग म्हटलं की आपल्याला खुनी पकडणं आठवतं. पण पहिल्यांदा ते उपयोगी पडलं एका मुलाला : घानाहून इंग्लंडला परतलेला हा मुलगा त्याला आपला म्हणणाऱ्या बाईचाच, हे 1985 मध्ये सिद्ध झालं आणि त्याला आईजवळ राहता आलं. नंतर लेस्टरजवळच्या दोन खुनांच्या तपासातही खरा गुन्हेगार सापडण्याआधी सुटला तो खोटा कबुलीजबाब दिलेला एक तरुण. आमच्या वर्गात हा क्रम मुद्दाम सांगायचे. 2012 मध्ये लेस्टरमधल्या कार पार्कखाली सापडलेला सांगाडा इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजाचा आहे, हे ठरवण्यातही इथल्याच लोकांनी मातृवंशाच्या हयात नातलगांचा डीएनए जुळवून पाहिला.

तेव्हा विषयाच्या ओढीने जात असेल तर पाठवा. नुसता ‘इंग्लंडची पदवी’ असा शिक्का हवा असेल, तर एका वर्षासाठी एवढा पैसा घालू नका, असं मी माझ्या भाचीलाही सांगितलं होतं.

प्रश्न : मुलगा तिथेच एमए करतोय. पहिल्या निबंधात 62 गुण! शाळेत कधी नव्वदच्या खाली आला नाही. तो अभ्यास करत नाही का?
– एक आई

उत्तर : अहो, पेढे वाटा. तिथे एमएला पन्नासला पास आणि सत्तरला डिस्टिंक्शन. ऐंशी क्वचितच कुणाला मिळतात. माझ्या पहिल्या निबंधाला 54 होते आणि बाजूला बाईंनी ‘चांगली सुरुवात’ असं लिहिलं होतं. मी तो टोमणा समजून दोन दिवस जेवले नव्हते.