घरी केलेला फ्रेंच ब्रेड दर वेळी दगडासारखा का होतो?

तुमचा प्रश्न वाचला आणि ठाण्यात मी केलेला पहिला ब्रेड आठवला. तुम्ही लिहिलंय की दोन वाट्या मैदा, एक मोठा चमचा यीस्ट, साखर, चिमूटभर मीठ आणि कोमट पाणी घेतलं, पीठ उबेला दोन तास ठेवलं आणि ओटीजीत (विजेच्या छोट्या घरगुती भट्टीत) १८० अंशांवर ४० मिनिटं भाजलं. ब्रेड बाहेरून पांढुरका आणि टणक, आतून भुसभुशीत, वर आंबूस वास. माझाही अगदी असाच झाला होता. फरक एवढाच की मी तीन वर्षं फ्रान्समधल्या लियों शहरात राहून, रोज ताजा ब्रेड खाऊन परतलो होतो. त्यामुळे या विषयातलं आपल्याला कळतं, असा माझा समज होता.

खाण्याचा आणि करण्याचा काही संबंध नसतो. तिथे 'बागेत' नावाचा ब्रेड घरी करणारं एकही माणूस मला भेटलं नाही. गल्लीच्या टोकाला बुलांजरी, म्हणजे ब्रेडची बेकरी, असताना कोण कशाला पीठ मळत बसेल? आपण तरी लादीपाव घरी कुठे करतो! (बागेत म्हणजे तो लांब दांडक्यासारखा ब्रेड. शब्दाचा अर्थच छडी. सुरुवातीला बहिणीला फोनवर सांगितलं, "मी रोज सकाळी बागेत खातो." तिनं विचारलं, "एवढ्या थंडीत?")

आता तुमचं काय चुकलं ते. तुमचा हात नाही चुकला, कृती चुकली. ती थंड देशातल्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेली आहे. 'कोमट पाणी घ्या, उबदार जागी ठेवा' हे जिथे खोलीत १८ अंश असतात तिथलं बोलणं आहे. आपल्याकडे मे महिन्यात ओटाच ३२-३३ अंशांवर असतो. त्यात कोमट पाणी, वर मोठा चमचाभर यीस्ट. तासाभरात पीठ फुगून वर येतं आणि दुसऱ्या तासात दमून खाली बसतं. तुम्ही भट्टीत घातलंत ते हे दमलेलं पीठ. यीस्टनं पिठातली साखर खाऊन संपवली की ब्रेडला रंग धरत नाही, तो पांढुरकाच राहतो. त्यात १८० अंश म्हणजे केकची आच. एवढ्या मंद आचेवर ४० मिनिटं ठेवलं की ब्रेड भाजत नाही, वाळतो.

म्हणून आपल्याकडे सगळा खटाटोप पीठ गार ठेवण्याचा. फ्रेंच बेकर हवा, पीठ आणि पाणी या तिन्हींच्या तापमानांची बेरीज ठरवून ठेवतात. हवा आणि पीठ आपल्या हातात नसतं, म्हणून पाण्याचं तापमान बदलून बेरीज जुळवायची. मळून झालेलं पीठ २५ अंशांच्या आसपास हवं. घरी हातानं मळताना बेरीज ७५ धरा. हवा ३२, पीठ ३२, म्हणजे पाणी ११ अंशांचं. फ्रिजमधल्या बाटलीचं पाणी घ्या, बस. डिसेंबरात पुण्यात असाल तर माठातलं चालेल. कोमट पाणी मात्र कायमचं विसरा. इन्स्टंट यीस्टला 'जागं' करायला ते लागतही नाही, ते सरळ पिठात जातं.

प्रमाण सांगतो, पण त्याआधी वाटी बाजूला ठेवा आणि ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. मैदा ४०० ग्रॅम, पाणी २६०, मीठ ८, इन्स्टंट यीस्ट दीड ग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धा छोटा चमचा. साखर नाही, दूध नाही, लोणी नाही. हा माझा हट्ट नाही. १३ सप्टेंबर १९९३ च्या फ्रेंच सरकारी हुकुमानुसार 'फ्रेंच परंपरेचा ब्रेड' या नावानं विकायच्या ब्रेडमध्ये गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण एवढंच चालतं. बाकला या कडधान्याचं, सोयाबीनचं किंवा माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या गव्हाचं) पीठ अगदी नाममात्र घालायची मुभा आहे, बाकी रसायन काही नाही आणि पीठ गोठवायलाही बंदी. दूध-साखर घातलेला मऊ ब्रेड तिथेही मिळतो, पण त्याला व्हिएन्ना ब्रेड म्हणतात. आपल्याकडे बेकरीत 'फ्रेंच लोफ' म्हणून जे मिळतं ते बहुतेकदा तेच असतं. चवीला वाईट नाही, पण तुम्हाला हवा आहे तो हा नव्हे.

मैद्याचं पाकीट घेताना मागचा तक्ता वाचा. १०० ग्रॅममागे प्रथिनं १० ते ११ ग्रॅम किंवा जास्त असतील तो मैदा घ्या. फ्रान्समध्ये पिशवीवर ५५, ६५ असे आकडे असतात. ती प्रथिनं नव्हेत, पीठ जाळल्यावर किती राख उरते त्याचा तो आकडा. मी वर्षभर उलटं समजत होतो. चक्कीची कणीक घालायची असेल तर पाचव्या भागापर्यंत ठीक, त्याहून जास्त नको. चक्कीत पिठातल्या स्टार्चला जास्त मार बसतो, म्हणून कणीक पाणी जास्त पिते, आणि पीठ ज्या प्रथिनांच्या जाळीमुळे ताणलं जातं आणि फुगतं, ती जाळी कोंडा कापत जातो.

आता कामाला लागू. पाण्यातलं दोनेक चमचे पाणी बाजूला ठेवून बाकी सगळं मैद्यात घाला. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा, झाकण ठेवा आणि अर्धा तास तिकडे फिरकू नका. पोळ्यांची कणीक भिजवून आपण झाकून ठेवतो, तेच हे. रेमों काल्व्हेल या फ्रेंच बेकिंग-शिक्षकानं १९७४ मध्ये याला 'ऑतोलीज' असं नाव दिलं आणि जगभरचे बेकर ते शिकले. आपल्या आज्यांनी नाव दिलं नाही, एवढंच. अर्ध्या तासात पीठ स्वतःच निम्मं मळलं जातं. मग राखून ठेवलेलं पाणी, मीठ आणि यीस्ट घाला आणि पाच-सात मिनिटं मळा.

इथे नवखा माणूस हमखास घसरतो. पीठ हाताला चिकटतं, आणि पोळीची सवय असलेला हात आपसूक डब्याकडे जातो : 'थोडा मैदा भुरभुरू या.' नको! हात पाण्यात बुडवून ओले करा आणि पुढे चला. हे पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि चिकटच असतं. पहिल्यांदा मी असा चमचा-चमचा करत सत्तरएक ग्रॅम मैदा जास्तीचा घातला होता. वीट झाली. शब्दशः वीट.

मळल्यावर तेलाचं बोट फिरवलेल्या डब्यात पीठ ठेवा. दर अर्ध्या तासानं चारही बाजू उचलून, ताणून मध्ये दुमडा. असं तीनदा. दीड तासात पीठ निम्म्यानं फुगलं की लगेच झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि झोपा. दुप्पट व्हायची वाट बघू नका, फ्रिजमध्ये गार होईपर्यंत ते आणखी फुगतंच. दहा ते सोळा तास आत राहू दे. थंडीत यीस्ट मंदावतं, पण पिठातले विकर (एन्झाइम) स्टार्चची साखर करत राहतात. तीच साखर नंतर कवचाला रंग देते, आणि चवही या तासांतच येते. यीस्टचा आंबूस भपका येतो तो घाईच्या पिठाला.

सकाळी गार पिठाचे दोन भाग करा आणि दोन छोटे, बुटके, साधारण २५ सेंटिमीटरचे ब्रेड वळा. लांब बागेतच्या मागे लागू नका. खऱ्या बागेतची लांबी ५५ ते ६५ सेंटिमीटर आणि वजन सुमारे २५० ग्रॅम. ती तुमच्या ओटीजीत मावणार नाही, आणि वळायला सगळ्यात कठीण आकार तोच आहे. फ्रान्समध्येही आखूड, पोटाशी जाड असा ब्रेड करतात, त्याला 'बातार' म्हणतात. तो नवख्याला पुष्कळ सांभाळून घेतो. आधी दोन्ही गोळ्यांची सैलसर वळकटी करून २५ मिनिटं सोडा. मग एकेक हलका चपटा करून वरचा काठ मध्यावर, खालचा काठ मध्यावर अशी घडी घाला, पुन्हा लांबीत दुमडून शिवण चिमटीनं बंद करा. वरची त्वचा ताणलेली दिसली पाहिजे, फाटता कामा नये.

जुना सुती पंचा पसरा, त्यावर तांदळाची पिठी भुरभुरा आणि ब्रेड शिवण वर करून ठेवा. दोन ब्रेडमध्ये पंचाची चुणी उभी करा म्हणजे ते एकमेकांना चिकटत नाहीत. बेकर लोक यासाठी जाड लिननचं कापड वापरतात. पिठी मैद्यापेक्षा बरी, ती ओल धरून चिकट होत नाही. अर्धा-पाऊण तासानं बोटानं हलकं दाबून बघा. खड्डा सावकाश आणि अर्धवट भरून आला तर तयार. भरूनच आला नाही तर उशीर झाला, तसाच भट्टीत घाला.

ओटीजी मात्र त्याच्या पाऊण तास आधी चालू केलेला हवा. दोन्ही कॉइल चालू, पंखा बंद, तापमान २३० किंवा तुमच्या ओटीजीत जे शेवटचं असेल ते. आत बिडाचा डोशाचा तवा ठेवा, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या दांड्याचा नको. तापलेलं बीड खालून जो दणका देतं त्यानं ब्रेड उचलला जातो.

आता वाफ. टणक कवचाचं कोडं इथे सुटतं. व्यावसायिक भट्टीत ब्रेड घालताच आत वाफ सोडतात. पहिली दहा मिनिटं ब्रेडची त्वचा ओली राहिली तर तो फुगू शकतो, आणि वरचा स्टार्च शिजून त्याची खळ होते. तीच वाळली की पातळ, चकचकीत, कुरकुरीत कवच. वाफ नसेल तर त्वचा आधीच वाळून कडक होते आणि ब्रेड आतल्या आत अडकतो. घरी करताना खाली ट्रेमध्ये पाणी ओता असं सगळे सांगतात. ओटीजीत ती वाफ फटींतून निघून जाते, आणि पाण्याचा थेंब तापलेल्या काचेवर पडला तर काच तडकते. माझी तडकली आहे. त्यापेक्षा उंच कडांचा स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा ट्रे ब्रेडवर उपडा घाला. पिठातून निघणारी वाफ आतच कोंडते आणि तेवढी पुरते.

बेकिंग पेपरवर ब्रेड शिवण खाली करून घ्या. दाढीच्या नव्या ब्लेडनं चिरा द्या. सरळ खाली कापायचं नाही, ब्लेड जवळजवळ आडवं धरायचं, साल सोलल्यासारखं. प्रत्येक ब्रेडवर दोन-तीन चिरा, आडव्या नव्हे तर लांबीच्या दिशेनं किंचित तिरक्या. एका झटक्यात. घाबरत घाबरत करवतीसारखं चालवलं की पीठ ओढलं जातं. मग कागदासकट तव्यावर सरकवा, ट्रे उपडा घाला आणि बारा मिनिटं दार उघडू नका. नंतर ट्रे काढा (जाड हातमोजे, आणि तोंड जरा मागे, आतली वाफ चटका देते) आणि आणखी पंधरा ते अठरा मिनिटं भाजा.

किती भाजायचा यावर मतभेद आहेत. लियोंमध्ये दुकानात लोक 'ब्यँ क्वीत' म्हणजे छान भाजलेला किंवा 'पा त्रो क्वीत' म्हणजे फार नको, असं सांगून घेतात. मी पहिल्या पंथातला. सोनेरी नव्हे, तपकिरी होऊ द्या. जळतोय असं वाटेल, तेव्हा अजून दोन मिनिटं. बाहेर काढून बुडाला टिचकी मारा, पोकळ आवाज आला पाहिजे. जाळीवर ठेवलात की कवच गार होताना बारीक तडतडतं. तिथले बेकर याला ब्रेडचं गाणं म्हणतात. ते ऐकत पाऊण तास थांबा. आतला भाग अजून बसायचा असतो, गरम कापला तर लगदा हाती येतो.

पहिला जमेलच असं नाही. माझा चौथा बरा झाला. पॅरिसमध्ये १९९४ पासून दर वर्षी उत्तम बागेतची स्पर्धा होते आणि जिंकणारा वर्षभर राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादात ब्रेड पुरवतो. २०२३ मध्ये ती जिंकली थर्शन सेल्वराजा यांनी, मूळचे श्रीलंकेचे. लहानपणापासून बागेत खाऊन वाढलेला हातच लागतो असं काही नाही.

उरलेला ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो लवकर शिळा होतो. कापलेली बाजू खाली करून फळीवर ठेवा, किंवा कापून फ्रीझरमध्ये. पावसाळ्यात ठाण्या-मुंबईत कवच दोन तासांत मऊ पडतं. वरून पाण्याचा हात फिरवून २०० अंशांवर पाच मिनिटं ठेवला की पुन्हा कुरकुरीत. आमच्याकडे दुसऱ्या दिवशीचा मिसळीच्या रश्शात जातो. लियोंमधल्या कुणाला सांगू नका.

तुमचा ओटीजी किती लिटरचा आहे आणि तव्याचा व्यास किती, हे कमेंटमध्ये लिहा, म्हणजे उपडा घालायला कुठला ट्रे मावेल ते सांगतो.